एक ते सोळा

एक

आधी सांगायच्या गोष्टी आधी सांगून टाकलेल्या बऱ्या. कोशकार जातात. ‘व’ या अक्षरापर्यंत येतात आणि जातात. कोश पुरा होतो, बांधून हातात येतो, पण त्याची प्रस्तावना लिहायची राहते ती राहतेच. या गोष्टीत दुसरं कुणी मरत नाही. शेवट कळला की ज्याचं मन वाचण्यातून उडतं, त्यानं इथूनच परत फिरावं. बाकीच्यांनी आत यावं, फक्त पाय जपून टाकावा; घरभर कागद आहेत.

आणखी एक. जाडजूड पुस्तकात आतली पानं आणि आधीची पानं एका पंगतीला बसत नाहीत. आतल्या पानांवर आकडे असतात: १, २, ३. आधीच्या पानांवर अक्षरं: एक, दोन, तीन. कारण साधं आहे. प्रस्तावना छापखान्यात सगळ्यांच्या मागून पोचते आणि पुस्तकात सगळ्यांच्या पुढे जाऊन बसते. तोवर आतले आकडे वाटून संपलेले असतात. उशिरा येऊन पहिल्या रांगेत बसणारा पाहुणा असतो ना, त्याला वेगळी खुर्ची लागते. कोशकारांच्या प्रस्तावनेसाठी अशा सोळा खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. छापखान्याच्या भाषेत एक अख्खा फर्मा: एकाच मोठ्या कागदाला घड्या घालून होणारी सोळा पानं.

दोन

त्यांना सगळं गाव कोशकार म्हणे. ती म्हणे ‘अहो’. ते तिला म्हणत ‘अगं’. एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा सगळा संसार झाला, आणि बाकीचे सगळे शब्द कोशात गेले.

कोश होता पंडिती शब्दांचा. जे शब्द विद्वान माणसं एकमेकांना घाबरवायला वापरतात, ते कुठून आले आणि त्यांच्या पोटात मुळात काय होतं, हे सांगणारा. शब्द जमवले दोघांनी, लिहिला त्यांनी, आणि छापखान्यातून प्रुफं यायला लागली तेव्हा वाचन सुरू झालं.

वाचन म्हणजे असं. खिडकीशी दोन खुर्च्या. तिच्या हातात मूळ हस्तलिखित, त्यांच्या हातात प्रूफ आणि लाल पेन. ती मोठ्यानं वाचणार, ते छापलेल्यावर नजर फिरवणार. वाचायचं म्हणजे सगळं वाचायचं, चिन्हांसकट. “शब्द ठळक, कंस सुरू, संस्कृत, कंस पूर्ण, स्वल्पविराम.” वर्षानुवर्षं असं वाचल्यावर जिभेला वळण पडतं. स्वयंपाकघरातून हाक यायची, “जेवायला चला पूर्णविराम!” आणि खिडकीतून उत्तर जायचं, “आलो स्वल्पविराम एवढा ‘न’ संपवतो.” भांडणंसुद्धा चिन्हांसकट व्हायची. उद्गारचिन्ह मात्र कुणी तोंडानं उच्चारत नसे, ते ऐकूच यायचं.

आणि खडा टाकायचा. हा त्यांचा घरगुती नियम. वाचणाऱ्यानं अधूनमधून मुद्दाम एखादा भलताच शब्द घुसडायचा. समोरच्यानं तो तिथल्या तिथे पकडला पाहिजे. नाही पकडला तर त्याचं लक्ष उडालंय असं समजायचं, पेन खाली ठेवायचं, चहा करायचा. एकदा व्युत्पत्तीच्या ऐन भरात तिनं वाचलं, “या शब्दाचं मूळ माझ्या सासूबाईंच्या हट्टात आहे.” कोशकार मान वर न करता म्हणाले, “प्रूफमध्ये ‘लॅटिन भाषेत’ छापलंय. पण तुझा पाठ जास्त बरोबर वाटतो.”

तीन

(कोरे)

चार

‘प’ची प्रुफं आली तेव्हा कोशकार धडधाकट होते. निदान दिसत तरी होते.

“शब्द ठळक,” तिनं वाचायला घेतलं, “प्रोलेगोमेना. कंस सुरू, ग्रीक, अर्धविराम, ‘प्रो’ म्हणजे आधी, स्वल्पविराम, ‘लेगेइन’ म्हणजे बोलणे, कंस पूर्ण. आधी बोलायच्या गोष्टी, पूर्णविराम. ग्रंथाच्या मुख्य विषयात शिरण्यापूर्वी विद्वान जे सांगून ठेवतात ते, अर्धविराम, पुष्कळदा ग्रंथाहून लांब, पूर्णविराम.”

“छान झालीय नोंद.”

“हे शेवटचं काढा. कोशात टोमणे मारायचे नसतात.”

“टोमणा नाही, व्याख्या आहे.” लाल पेन हवेत फिरवत ते सांगायला लागले, आणि एकदा ते सांगायला लागले की तिनं कागद मांडीवर ठेवायचा असे. “गंमत बघ. लेगेइनचा अगदी जुना अर्थ बोलणं नव्हेच. वेचणं. तू धान्य निवडतेस ना, तसं वेचणं. मग वेचता वेचता मोजणं आलं, मोजता मोजता सांगणं आलं. म्हणजे प्रोलेगोमेना म्हणजे काय, तर दळायच्या आधी वेचून काढायचं ते. आपल्याकडे उपोद्घात म्हणतात. उद्घात म्हणजे ठेच, आणि उद्घात म्हणजे आरंभही. चालायला लागलं की पहिली ठेच लागते, तिथूनच खरं चालणं सुरू होतं. आणि प्राक्कथन तर सरळच आहे, आधीचं सांगणं. सगळ्या भाषांना एकच कळलेलं दिसतंय, की काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात.”

“आणि तुम्ही त्या सगळ्यात शेवटी लिहिणार.”

“सगळेच शेवटी लिहितात. घर बांधून झाल्याशिवाय दारावर पाटी कुणी लावतं का?”

“पाटीचं राहू द्या. दार कुठे ठेवायचं ते गवंडी आधी ठरवतो.”

“तू गवंड्याच्या घरात पडली असतीस तर सुखी झाली असतीस.”

“निदान वेळेवर राहायला गेले असते.”

ते हसले. मग पेनचं टोपण लावत-काढत म्हणाले, “पहिलं वाक्य तयार आहे.”

“प्रस्तावनेचं? वाचा की.”

“नाही. तुझ्याबद्दल आहे.”

तिनं चष्मा वर केला. “माझ्याबद्दल शेवटच्या ओळीत असतं. सगळ्यांच्या असतं. ग्रंथालयाचे शिपाई, वीज कंपनी, आणि आमच्या सौभाग्यवती.”

“या कोशाची सुरुवातच तुझ्यापासून होणार आहे. वाक्य ठरलंय. छापून आल्यावर वाच.”

“मी छापून आल्यावर वाचू? प्रूफ कोण वाचणार?”

“त्या एका पानाचं प्रूफ मी एकटा वाचीन.”

“म्हणजे चुका राहणार,” ती म्हणाली आणि पुढची नोंद वाचायला लागली. पण त्या दिवशी तिच्या वाचण्यात दोन ठिकाणी स्वल्पविराम सुटले, आणि कोशकारांनी ते पाहूनही तिला काही म्हटलं नाही.

पाच

‘भ’ अर्ध्यावर असताना कोशकारांच्या तपासण्यांचे कागद आले. धाकटा दीर डॉक्टर होता. त्यानं ते इस्पितळातच उघडले, आणि मोठ्या भावाला कपडे बदलायला आत पाठवून वहिनीला पाण्याच्या यंत्राशी घेऊन गेला.

“वहिनी, यकृतात पसरलंय.”

“किती?”

“आता तिथे करण्यासारखं काही नाही, इतकं.” तो कागदी पेल्याची कड नखानं उलगडत होता. “काही महिने. त्यातले सगळे काही चांगले नसतील.”

आतून कोशकारांचा आवाज येत होता. सदऱ्याची बटणं लावत ते परिचारिकेला ‘इस्पितळ’ या शब्दाचा पाहुण्यांशी काय संबंध आहे ते समजावून सांगत होते.

“दादाला सांगू नका,” दीर म्हणाला. “मी इतकी माणसं पाहतो. कळलं की दुसऱ्या दिवशी निम्मी होतात. त्याचं काम चालू दे. कामावर जगतो तो.”

“भाऊजी, त्यांची प्रस्तावना राहिलीय.”

दिरानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ही बाई धक्क्यानं काहीतरी बोलतेय. “राहू दे ना वहिनी. प्रस्तावना कोण वाचतं?”

तिनं मान हलवली. त्या मान हलवण्याला तो होकार समजला, आणि नंतर कितीतरी दिवस तीसुद्धा त्याला होकारच समजत राहिली.

सहा

सरळ हिशेब होता. कोशकार दर अक्षर ज्या चालीनं वाचत होते, त्या चालीनं ‘ज्ञ’पर्यंत पोचायला वर्ष लागलं असतं. वर्ष नव्हतं. सांगितलं, तर ते प्रुफं बाजूला ठेवून प्रस्तावना लिहितील; पण मग ते मरण समोर ठेवून लिहितील. नाही सांगितलं, तर लाल पेन घेऊन निर्धास्त बसतील आणि कुठल्यातरी अक्षरावर संपतील.

तिनं तिसरी वाट काढली. वाट कसली, पळवाट. छापखान्याचे मामा होते. खरे कुणाचेच मामा नव्हते, पण छापखान्यातली तीन पिढ्यांची माणसं त्यांना मामा म्हणत. ती त्यांच्याकडे गेली आणि त्यांना एक खोटं बोलायला सांगितलं.

मामा आले. खुर्चीच्या अगदी कडेला बसले. “कोशकार, या वेळी प्रस्तावना आधी द्या. मशीनचं… म्हणजे कागदाचं… पुढे अडचण आहे.”

“मशीनची की कागदाची?”

“दोन्हीची.” मामांनी तिच्याकडे पाहिलं. ती चहाच्या कपांकडे बघत होती.

“अहो मामा, उभ्या जन्मात तुम्ही कुणाची प्रस्तावना आधी छापलीत? नवरदेव यायच्या आधी अक्षता टाकायला सांगताय. चालू द्या, निवांत चालू द्या. अजून ‘म’ आहे.”

मामा कपातला चहा संपवून उठले. दाराशी तिला हळूच म्हणाले, “बाई, मला जमत नाही हो. तुम्हीच सांगा काय ते.”

आत कोशकार हसत होते. “बिचाऱ्याला कसलंतरी टेन्शन दिसतंय. चल, वाच.”

तेव्हा सांगता आलं असतं. दार लोटलेलं होतं, घरात दोघंच होती, आणि त्यांचा हात चालत होता. पण दुपारचं ऊन खिडकीतून त्यांच्या प्रुफांवर आलं होतं, त्यांनी तिची खुर्ची पायानं पुढे सरकवून ठेवली होती, आणि ते ‘दुसऱ्या आवृत्तीत हे करू’ असं काहीतरी बोलत होते. घरात एक माणूस तरी निर्धास्त असावा असं तिनं मनाशी म्हटलं. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्याच्या मागे आणखी एक होतं, आणि ते तिलाही तेव्हाच ठाऊक होतं: सांगितलं की ही दुपार संपणार. मग ते एकटे लिहीत बसणार, आणि तिला वाचायला काही उरणार नाही.

“शब्द ठळक,” तिनं सुरुवात केली.

सात

(कोरे)

आठ

‘य’ छोटं अक्षर आहे, पटकन संपलं. ‘र’ला कोशकारांचा सदरा अंगावर ढगळ व्हायला लागला. ते म्हणाले, धोब्यानं ताणलाय. ‘ल’ला ते खुर्चीतून पलंगावर आले, आणि खिडकीशी एकच खुर्ची राहिली. ती पाठीमागे उशा रचून त्यांना बसवायची, मांडीवर पाट ठेवायची, पाटावर प्रूफ.

एका दुपारी तिनं खडा टाकला. आधी छोटा. ‘ग्रीक’च्या जागी ‘फारसी’ वाचलं. लाल पेन हललं नाही. डोळे ओळींवरून पुढे सरकत होते. तिनं मोठा टाकला. “या शब्दाचं मूळ,” ती म्हणाली, “माझ्या सासूबाईंच्या हट्टात आहे, पूर्णविराम.”

“हं,” कोशकार म्हणाले, “बरोबर. पुढे.”

नियमाप्रमाणे इथे पेन खाली ठेवून चहा करायचा असतो. ती पुढे वाचत राहिली. आवाज कुठेही हलू न देता तिनं ते पान संपवलं, मग पुढचं, आणि त्या दिवसाच्या सगळ्या पानांवर त्यांनी खाली सही केली तशी करू दिली. संध्याकाळी ते झोपल्यावर तिनं ती पानं एकटीनं पुन्हा तपासली. चुका त्यांच्या सहीच्या वर तशाच उभ्या होत्या. त्या दुरुस्त करायला तिनं लाल पेन उचललं, आणि पहिल्यांदाच, सगळ्या संसारात पहिल्यांदाच, ते तिच्या हातात फार जड लागलं.

नऊ

‘व’चा गठ्ठा सोडला त्या दिवशी त्यांनी प्रूफ उघडलंच नाही.

“धाकट्यानं तुला कधी सांगितलं?”

“काय?”

“आता खडे नको टाकूस.” आवाज बारीक झाला होता, पण मास्तरकी तीच होती. “काल माझी नाडी बघताना तो विनोद करत होता. पाळण्यात असल्यापासून ओळखतो मी त्याला. त्याला विनोद येत नाही.”

ती कागदाच्या कडा जुळवत राहिली. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

“‘भ’ला,” ती म्हणाली.

कोशकारांनी पांघरुणावर बोटं टेकवत म्हटलं, “भ. म. य. र. ल.” आणि समोरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. “म्हणजे मामांना तू पाठवलं होतंस.”

“हो.”

“तरीच. मला वाटलं बिचाऱ्याचं छापखान्यात भांडण झालंय.” ते हसले, हसण्याचा खोकला झाला, तिनं पाणी दिलं, अर्धं हनुवटीवरून गेलं ते पुसलं.

“मी सांगणार होते.”

“कधी?”

तिनं पाण्याचं भांडं झाकून ठेवलं.

“‘म’ला माझा हात चालत होता गं,” ते म्हणाले.

रागावून म्हणाले असते तर तिनं राग झेलला असता. त्यांचे राग तिला पाठ होते, कुठे चढतात आणि कुठल्या चहाला उतरतात. हे नुसतंच सांगणं होतं. एखादी तारीख सांगावी तसं.

“तुम्ही निम्मे झाला असता. भाऊजी म्हणाले.”

“झालो असतो. निम्म्या माणसाला सोळा पानं लिहिता येतात.” त्यांनी डोळे मिटले. “मरणाचं सोड, ते काही माझ्या एकट्यावर आलेलं नाही. मला आधी सांगायला हवं होतंस. दुसऱ्या कुणाचं चाललं असतं. तू तर ती ‘प्रोलेगोमेना’ची नोंद वाचली होतीस.”

ती उठली. वही नव्हती जवळ, ‘व’च्याच एका प्रुफाचं पाठकोरं पान घेतलं, गुडघ्यावर ठेवलं. “आत्ता सांगा. मी लिहून घेते. जेवढं होईल तेवढं. नुसतं पहिलं वाक्य सांगा.”

त्यांचे ओठ हलत होते. आयुष्यभर ज्या माणसाला शब्दाच्या मागचा शब्द आणि त्याच्याही मागचा शब्द सापडत गेला, तो माणूस आता अंधाऱ्या माळ्यावर एखादी वस्तू चाचपावी तसा चाचपत होता.

“होतं,” ते म्हणाले. “घासूनपुसून ठेवलं होतं. इतकं, की लिहून ठेवायची गरज वाटली नाही. आता पहिला शब्दच हाताला लागतोय.”

“कोणता?”

“जिने.”

तिनं लिहिलं. जिने.

“पुढे?”

“पुढे लांब होतं. मध्ये एक अर्धविराम होता, एवढं आठवतंय. चांगला बसला होता.”

तिनं पेन तसंच टेकवून ठेवलं. शाई कागदात पसरून एक ठिपका झाला, मोठा होत गेला.

“वाच तू,” मग ते म्हणाले. “‘व’ वाच. बरं वाटतं ऐकायला.”

तिनं वाचलं. चिन्हांसकट, ऊन खिडकीवरून निघून जाईपर्यंत. त्यांनी एकही चूक पकडली नाही, आणि तिनं एकही खडा टाकला नाही. त्यानंतर ते थोडेच दिवस होते, आणि त्या दिवसांत ते दुसरं जे काही बोलले, ते पाणी, उशी आणि ‘अगं’ एवढंच.

दहा, अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा

(कोरी)

१

उरलेली अक्षरं तिनं एकटीनं वाचली. एकटीनं वाचन होत नाही. एक डोळा हस्तलिखितावर, एक प्रुफावर, असं करून मान दुखते. तरी मोठ्यानंच वाचलं. शेजारच्या बाईंना वाटलं, कुणीतरी शिकवणीला येतं.

‘ज्ञ’ संपला तेव्हा मामा आले. या वेळी खुर्चीत नीट मागे टेकून बसले.

“बाई, पहिला फर्मा रिकामा आहे. तुम्हीच लिहा दोन शब्द. तुमच्याइतकं कोण जाणतं?”

“मी नाही लिहिणार.”

“मग फर्मा काढून टाकू? मुखपृष्ठ उघडलं की लगेच पान १. चालतं हल्ली.”

“नाही. सोळा पानं ठेवायची. खाली क्रमांक घालायचे, एक ते सोळा, अक्षरांत. वर काही नाही.”

मामांनी डोक्यावरची टोपी मागे सारली. “लोक म्हणतील, मामाच्या छापखान्यात शाई संपली.”

“म्हणू देत.”

“निदान एक ओळ? त्यांनी काहीच सांगून ठेवलं नाही का हो?”

ते पाठकोरं पान तिच्या टेबलाच्या खणात होतं. एक शब्द आणि एक ठिपका. तिनं तो शब्द रोज पुढे नेऊन पाहिला होता. जिने हा कोश माझ्याबरोबर वाचला. जिने मला एकही चूक करू दिली नाही. चांगली वाक्यं होती, अर्धविराम घातला तर त्यांच्यासारखीच वाटली असती. पण पहाटे जाग आली की एकच वाक्य आपोआप पूर्ण व्हायचं, आणि त्यात कुठेच काही अडत नसे: जिने मला सांगितलं नाही. शब्द एकच होता. त्यांच्या मनातलं वाक्य कुठलं होतं ते विचारायला आता कुणी नव्हतं. आणि इतकी वर्षं प्रुफं वाचताना तिनं कुणाचंही अर्धवट वाक्य छापायला जाऊ दिलं नव्हतं.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही सांगून ठेवलं.”

मामा मग म्हणाले, “सोळा तर सोळा,” आणि टोपी सारखी करून उठले.

कोश आला तेव्हा तिनं तो खिडकीशी नेला. प्रस्तावना कोण वाचतं, असं दीर म्हणाला होता, आणि खरं आहे ते. लोक अंगठ्यानं सगळी पानं एकदम उलटून टाकतात. तिनं उलटली नाहीत. पान एक. चष्मा पुसला. पान दोन. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यापासून खालच्या क्रमांकापर्यंत नजर नेली, डावीकडून उजवीकडे, कुठेही ओळ न गाळता. मध्ये एका ठिकाणी ती जरा जास्त थांबली, अर्धविरामाला थांबतात तेवढी. सोळा पानं व्हायला सबंध दुपार गेली.

मग पान १ आलं. ‘अ’. हे पान फार पूर्वीचं, दोघं धडधाकट असतानाचं, शेजारी शेजारी बसून वाचलेलं, खाली त्यांची ठसठशीत सही होऊन गेलेलं. तिसऱ्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. दोघांच्याही नजरेतून सुटली होती.

“अहो,” ती म्हणाली, आणि पान पुढे करून, मान न वळवता, वाट पाहत बसली.